भारमुक्त होण्याचे सात दिवस

शिकवण्यातला माझा उत्साह नेमका कोणत्या वर्षी संपला ते मला सांगता येणार नाही. दूध नासलं की वास येतो, उत्साहाचं तसं नसतं. तो संपल्यावरही बाई रोज साडेनऊला डबा भरते, टेम्पोत बसते, खडू उचलते आणि फळ्यावर त्रिकोण काढते. माझा संपलाय हे मला कळलं ते माझ्या दैनंदिनीमुळे.

दैनंदिनी म्हणजे पुढच्या आठवड्यात काय शिकवणार, कसं शिकवणार आणि मुलांकडून कोणती कृती करून घेणार, हे शिक्षकाने आधीच लिहून ठेवायची वही. रायपूरला लागून असलेल्या बीरगावच्या सरकारी मिडल स्कूलमध्ये गणिताची शिक्षिका म्हणून लागले, त्या पहिल्या वर्षी मी ती जीव ओतून लिहिली होती. उद्देश लाल शाईने, कृती हिरव्या शाईने, आणि शेवटी कंसात 'बच्चों को बहुत आनंद आएगा!' असं उद्गारचिन्हासकट. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून आनंदही हिंदीत. दुसऱ्या वर्षी वेळ मिळाला नाही, तेव्हा पहिल्या वर्षीची वही समोर ठेवून उतरवून काढली. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या वर्षीची. सोळाव्या वर्षापर्यंत माझा हात असा बसला होता की मटार सोलता सोलता मी आठवड्याची पानं भरायची. आनंद येणार, उद्गारचिन्ह, पुढचं पान. आनंद खरंच आला का हे बघायला मी कितीतरी वर्षं मान वर केली नव्हती.

आमचं राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी झालं, ते याच सुमारास. शाळेत दैनंदिन्या आल्या त्या जुन्या राज्याच्याच होत्या. मुखपृष्ठावरचं जुनं नाव खोडून त्यावर नव्या राज्याचा रबरी शिक्का मारला होता. माझ्या वहीवर तो उलटा पडला होता. मी तशीच वापरायला घेतली, कारण आतला मजकूर कुठे बदलणार होता?

शहरात मात्र रातोरात सगळं बदललं. जिथे पाहावं तिथे संचालनालयं उघडली. भिंतीला रंग लागायच्या आत दारावर पाटी लागायची. पाट्या झाल्या, खुर्च्या आल्या, पण बसायला माणसं पुरेनात. मग शाळाशाळांतून शिक्षक उचलून त्या खुर्च्यांवर बसवायला सुरुवात झाली. याला आमच्याकडे 'अटॅच होणं' म्हणत. पगार शाळेचा, काम कार्यालयात. डोक्यावर पंखा, समोर चहा, आणि हाताला खडू नाही. चौबे कॉलनीत आमच्या ओळीत तीन शिक्षक होते, त्यातले दोन वर्षभरात अटॅच झाले. ते सकाळी अंगणात उभं राहून 'कल मंत्रालय में था' असं एकमेकांना इतक्या मोठ्याने सांगायचे की मला स्वयंपाकघरात ऐकू यावं.

माझे यजमान रेल्वेच्या ऑफिसात. नागपूरकडचा माणूस, स्वभावाने शांत, पण ते 'कल मंत्रालय में था' त्यांच्याही कानांत शिरलं असावं. एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "तुले एक सांगू का? संचालनालयात माया ओळखीचा एक जण आहे. तू अर्ज देऊन दे. काहून त्या बीरगावच्या धुळीत रोज मरून राहिली?"

"मी शिकवते तिथं. मरत नाई," मी म्हणाले.

"शिकवून राहिली का खरंच?" त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं की मला राग यायला जरा उशीरच झाला. आला तेव्हा मी कप आदळला. आतल्या खोलीतून आमच्या पोट्टीनं हिंदीत निकाल दिला, "मम्मी, पापा सही बोल रहे हैं. आप घर आके सिर्फ चिल्लाती हो." ही पोट्टी मराठी सगळी समजते आणि उत्तर नेमकं हिंदीत देते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला.

अर्ज देण्याआधी सरकारने माझ्यावर एक उपचार करून पाहिला होता, हेही सांगायला हवं. शिक्षकांमध्ये उत्साह जागवण्यासाठी तीन दिवसांचं शिबिर भरलं होतं, समता कॉलनीतल्या एका सभागृहात. शिकवायला आलेला तरुण अजून एकाही वर्गात उभा राहिलेला नसावा. तो आम्हाला सांगायचा, "डोळे मिटा. प्रत्येक मूल एक फूल आहे असं समजा." मी डोळे मिटले आणि सोळा वर्षांची झोप एकदम आली. जागी झाले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं मी घोरले म्हणून, पण तो उत्साहवर्धनाचाच भाग होता. तीन दिवसांत मला एकच कळलं, की माझ्या वर्गातली बावन्न मुलं मला काही केल्या फुलं वाटत नाहीत. मला ती बावन्न चुकीची उत्तरं वाटत.

अर्जानंतर नियम असा होता, की शिक्षण विभागाचे साहेब शाळेत येणार, माझा तास बघणार आणि या बाईशिवाय शाळेचं अडेल का, यावर शेरा मारणार. अडत नसेल तर मी मोकळी. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे बडे गुरुजी म्हणत, त्यांनी मला आदल्या दिवशी बोलावून दार लोटून घेतलं. संचालनालयात आपल्या शाळेचं एक माणूस असलं तर पुढे कामं सोपी होतील, असा त्यांचा हिशेब होता.

"मैडम, कल अच्छा मत पढाना," ते हळूच म्हणाले. "साहब को लगना चाहिए कि आपके जाने से कोई फर्क नहीं पडेगा."

"मग वेगळं काय करू?"

ते विचारात पडले. "कुछ नहीं. जैसा रोज पढाती हैं, वैसा ही."

एवढा सरळ अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि त्यांना तो अपमान आहे हे ठाऊकही नव्हतं. मी मान हलवून बाहेर आले.

साहेब आले ते थंडीतल्या एका सकाळी, पहिल्याच तासाला. छोटेखानी माणूस, अंगावर करड्या रंगाचा कोट, पायात चांगल्या उंच टाचेचे बूट, मान कायम वर. शेवटच्या बाकावर बसले आणि बडे गुरुजींनी पुढे केलेली माझी दैनंदिनी त्यांनी उघडली. मी फळ्यावर 'अनुपात' असं लिहून रोजच्या आवाजात सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला दोन मुलं खिडकीबाहेर बघायला लागली, दहाव्या मिनिटाला साहेबांनी जांभई दिली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात साहेब वहीतून मान वर काढून म्हणाले, "मैडम, यहां तो बहुत रोचक गतिविधि लिखी है आज की. 'बच्चों को मैदान में ले जाकर परछाईं से नीम के पेड की ऊंचाई निकलवाना.' चलिए, करवाइए."

 मैदानात निंबाचं झाड नव्हतं. होतं, सोळा वर्षांपूर्वी. मग काही वर्षांनी बाहेरचा रस्ता रुंद झाला, शाळेची भिंत आत सरकली आणि झाड तोडलं गेलं. ते तोडताना मी वर्गाच्या दारात उभी राहून हळहळले होते. आणि त्यानंतरही दर थंडीत त्याच झाडाची उंची काढायचं वहीत लिहीत होते.

वर्ग मैदानात गेला. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. बडे गुरुजींनी आकाशाकडे पाहिलं. खरं म्हणजे माझ्यासाठी यासारखी संधी नव्हती. 'झाड नाही, वही उतरवलेली आहे' एवढं कबूल केलं असतं, तर साहेबांनी तिथल्या तिथे माझी शाळेतून रवानगी केली असती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्याआधी आमच्या वर्गातली एक पोट्टी बोलली. तिचे वडील जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होते. वर्गात गणितात तिच्याइतकी कच्ची दुसरी नव्हती.

"मैडम, पेड तो नइ हे," ती म्हणाली. "त साहब ला नाप लेबो का?"

बडे गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, बहुधा मुलांसमोर नाही म्हणवेना. कोटाची बटणं लावून ते उन्हात उभे राहिले, मान आणखी वर करून.

मुलांनी वर्गातली एक मीटरची पट्टी जमिनीत उभी धरली. तिची सावली भरली सव्वा मीटर. साहेबांची सावली भरली दोन मीटर. त्या पोट्टीनं वाळूत बोटानं गुणाकार केला आणि ओरडली, "साहब अढाई मीटर!"

पोरं हसली. साहेबही हसले आणि म्हणाले, "वाह, बहुत बढिया!" बडे गुरुजींनी टाळ्या वाजवल्या आणि मला डोळ्यांनी खुणावलं, बस, संपवा आता. मी संपवायला हवं होतं. माझी मोकळीक, पंखा, चहा, सगळं हाताच्या अंतरावर होतं. पण अडीच मीटर! कोटातला एवढासा माणूस अडीच मीटर, आणि सगळा वर्ग ते मानून आत जायला निघाला होता. माझं डोकं सणकलं. मी बीरगावच्या त्या मैदानात अशी ओरडले की रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला.

"अढाई मीटर का आदमी देखा है कभी? कोण्या दरवाजातून जाईल तो?" रागात माझी मराठी आणि हिंदी एक होते. "पट्टी मोठी का तिची सावली?"

"परछाईं," पोरं म्हणाली.

"मग साहेब मोठे का साहेबांची सावली?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग परत साहेबांकडे. ते बघणं मला अजून आठवतं. कितीतरी वर्षांनी वर्ग मला दिसत होता. सव्वा मीटर सावलीला एक मीटर उंची, तर दोन मीटर सावलीला किती, हे मी वाळूत लिहून, खोडून, पुन्हा लिहून घेतलं. शेवटी तीन-चार जणांनी भागाकार केला. एकशे साठ सेंटीमीटर. एकानं लगेच त्याचे फूट केले आणि जाहीर केलं, "साहब पांच फुट तीन इंच!"

"गलत है," साहेब म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "मेरी सर्विस बुक में पांच फुट सात इंच लिखा है. फिर से नापो."

या सगळ्यात ऊन चढलं होतं. पुन्हा मोजलं तर साहेबांची सावली भरली एकशे ब्याण्णव. साहेब विजयाने म्हणाले, "देखा? बदल गई." मी म्हणाले, पट्टीही मोजा. पट्टीची सावली आता एकशे वीस. पोरं वाळूत बसली, भागाकार केला, आणि उत्तर आलं पुन्हा एकशे साठ. दोन्ही सावल्या आखडल्या, आणि साहेब जिथल्या तिथे. अनुपात म्हणजे काय, हे मी सोळा वर्षं फळ्यावर लिहीत होते. त्या दिवशी ते मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं. लाज वाटली की आनंद झाला, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

त्यावर त्या पोट्टीनं साहेबांच्या पायांकडे बघून विचारलं, "जूता निकाल के नापबो का, मैडम?"

साहेब तडक कार्यालयात गेले. चहा घेतला नाही. माझ्या अर्जावर त्यांनी ठळक अक्षरांत शेरा लिहिला, की या शिक्षिकेला तत्काळ भारमुक्त, म्हणजे शाळेतून मोकळं, करण्यास काहीही हरकत नाही. 'तत्काल'खाली दोन रेघा मारल्या. बडे गुरुजी माझं अभिनंदन करत म्हणाले, "मैडम, आपने तो कमाल कर दिया."

नव्या राजधानीत कागद इतक्या वेगाने फिरलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. चौथ्या दिवशी आदेश आला. सात दिवसांच्या आत संचालनालयात रुजू व्हा, नाहीतर आदेश रद्द. यजमानांनी जयस्तंभ चौकातून पेढे आणले. म्हणाले, "उद्याच जाऊन दे."

"उद्या नाई," मी म्हणाले. "ती पोट्टी अजून गुणाकारच करून राहिली. तिले भागाकार कधी करायचा ते समजलं का जाते."

"किती दिवस लागन?"

"एक, दोन."

त्यांनी पेढ्याचा डबा फडताळात ठेवला.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, पाच मजूर एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर दहा मजुरांना किती दिवस लागतील? ती म्हणाली, वीस. मी कपाळाला हात लावून विचारलं, माणसं वाढली तर दिवस वाढतील कसे? ती शांतपणे म्हणाली, "जादा मनखे रहिहीं त जादा गोठियाहीं, मैडम." माणसं जास्त असली की गप्पा जास्त होतात. सोळा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला यावर काय बोलता येणार? मी दुसरं उदाहरण शोधायला घरी आले. त्या दिवशी मटार सोलायचे राहिले आणि दैनंदिनीत मी पहिल्यांदा नवीन काहीतरी लिहिलं. कंसातला आनंद मात्र गाळला. आधी पाहू, मग लिहू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी आणि नळ, तिसऱ्या दिवशी भात आणि पंगत. मी चिडायची, ती गुणायची. चौथ्या दिवशी मी एवढी तापले की खडू मोडून खिडकीबाहेर फेकला, आणि मग मधल्या सुट्टीत तो शोधायला स्वतःच गेले, कारण तेवढा एकच उरला होता. मी रोज टेम्पोतून येताना पुटपुटत असायची. शेजारी बसलेल्या बायका सरकून बसायच्या. तेव्हाच मला कळलं, की शिबिरातल्या त्या तरुणानं मला चुकीचं औषध दिलं होतं. माझा उत्साह मायेवर चालतच नाही. तो रागावर चालतो. चुकलेलं उत्तर समोर ठेवून मला झोप येत नाही, आणि एवढी वर्षं मला झोप लागत होती ती मी उत्तरंच बघायची सोडली होती म्हणून.

सहाव्या दिवशी यजमान म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस आहे. मी त्या माणसाले काय सांगू?"

"सांगा का उद्या दुपारून येते," मी म्हणाले. आणि मी खरंच जाणार होते. आदेशाचा कागद पर्समध्ये होता, नवीन साडी इस्त्री करून ठेवली होती. सातव्या दिवशी मी तीच नेसून शाळेत गेले, तिथून परस्पर रुजू व्हायला.

पहिल्या तासाला मी त्या पोट्टीला फळ्यावर बोलावलं. या वेळी मजूर नाहीत, टाकी नाही. गहू-तांदळाचं राशन चार माणसांना बारा दिवस पुरतं, सहा माणसं झाली तर किती दिवस? तिनं खडू हातात घेतला.  मग स्वतःशीच म्हणाली, "खवइया बाढगे, त जल्दी सिराही." खाणारे वाढले, लवकर संपेल. आणि तिनं हळूहळू, जीभ दातात धरून, भागाकार मांडला. आठ.

आठ!  मी तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तिच्या हातातला खडू पडला. माझं काम झालं होतं. घड्याळात अकरा वाजायचे होते, संचालनालय टेम्पोनं अर्ध्या तासावर. आता थांबायला काहीही कारण उरलं नव्हतं, आणि हे लक्षात आल्याबरोबर मला असं रिकामं रिकामं वाटलं, की मी उगाचच पर्स उघडली आणि बंद केली. वर्गाचा निरोप घेताना काय बोलावं ते सुचेना, म्हणून सोळा वर्षं प्रत्येक तासाच्या शेवटी जे विचारत आले तेच विचारलं, "समझ गए सब?"

यावर सगळा वर्ग एका सुरात 'हव मैडम' म्हणतो आणि घंटा होते. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. "नइ समझेंव, मैडम." मग खिडकीपाशी आणखी एक. मग मागून दोघी. बघता बघता अर्ध्या वर्गाचे हात वर होते, आणि हात वर करणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आता मैडम खडू फेकणार.

मला रडू फुटलं. इतकी माणसं इतक्या खरेपणानं मला कधी काही बोलली नव्हती. मी नवीन साडीचा पदर खोचला, खाली वाकून खडू उचलला आणि आठ पुसून टाकला.